कागदावरचे संघ, बर्फावरचा निकाल

फॅन्टसी हॉकीचा मोसम सुरू होण्यापूर्वी संघांची पारख कशी केली जाते आणि त्यातले किती खरे ठरते?

सप्टेंबर उजाडला, की कॅनडात आणि अमेरिकेच्या थंड प्रदेशांतील असंख्य कार्यालयांत, वसतिगृहांत आणि घरोघरच्या संगणकांवर एक वेगळीच लगबग सुरू होते. लवकरच 'नॅशनल हॉकी लीग' अर्थात एनएचएलचा नवा मोसम सुरू व्हायचा असतो आणि त्यापूर्वी प्रत्येकाला आपापला संघ उभा करायचा असतो. या संघाला मैदान नसते, प्रशिक्षक नसतो. त्याचे खेळाडू वेगवेगळ्या शहरांत, बहुधा एकमेकांविरुद्धच खेळत असतात. तरीही एप्रिलपर्यंत दहा-बारा मित्रांची चढाओढ या कागदी संघांवरून चालते. 'यंदा कोणाचा संघ भारी?' हा प्रश्न पहिला सामना होण्याआधीच पडतो आणि त्याचे उत्तर देण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच तेथे उभा राहिला आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटले, की ध्यानचंद आणि हिरवळ आठवते. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. प्रत्येक बाजूला सहा खेळाडू, पायांत धारदार स्केट, चेंडूऐवजी रबराची चकती, जिला 'पक' म्हणतात, आणि वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळत असे. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्या गोलसाठी साहाय्य करणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. फॅन्टसी हॉकीचा सारा डोलारा या हिशेबावर उभा आहे.

हा प्रकार संगणकयुगाचे अपत्य मात्र नव्हे. कॅनडातील कार्यालयांत कागदावर नावे लिहून, वर्तमानपत्रातील आकडे दर आठवड्याला जुळवून 'हॉकी पूल' चालवण्याची पद्धत जुनीच. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलसाठी असाच खेळ नियमबद्ध केला आणि फॅन्टसी क्रीडाप्रकारांना आजचे रूप आले. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस याहूसारख्या संकेतस्थळांनी आकडेमोडीचे काम स्वतःकडे घेतल्यावर हा छंद लाखो लोकांपर्यंत पोहोचला. या खेळाने सम्राटांचीही पंचाईत केली. वेन ग्रेट्झ्की ऐन भरात असताना (१९८५-८६ च्या एका मोसमात त्याने २१५ गुण मिळवले, त्यांत ५२ गोल आणि १६३ साहाय्य होते) ज्याच्या वाट्याला तो येईल त्याचा विजय ठरलेलाच, अशी स्थिती होती. अखेर काही पूलमध्ये त्याचे चक्क दोन तुकडे करण्यात आले. एकाला ग्रेट्झ्कीचे गोल आणि दुसऱ्याला ग्रेट्झ्कीची साहाय्ये!

निवडीची रात्र

संघ तयार होतो तो 'ड्राफ्ट'मध्ये. समजा, लीगमध्ये बारा जण आहेत. एकेकाने आळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि एकदा घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिली फेरी एक ते बारा या क्रमाने होते, दुसरी बारा ते एक अशी उलट, तिसरी पुन्हा सुलट. सापाच्या चालीसारखा हा क्रम असतो. ज्याला पहिली निवड मिळाली, त्याची पुढची पाळी थेट चोविसावी आणि लगेच पंचविसावी. शेवटच्याला बारावा आणि तेरावा खेळाडू पाठोपाठ मिळतो. प्रत्येकाने सोळा खेळाडू घेतले, तर एकूण १९२ जणांची निवड होते. एनएचएलचे ३२ संघ प्रत्येक सामन्यात वीस-वीस खेळाडू उतरवतात, म्हणजे ६४० जण. साहजिकच दोन-तृतीयांशांहून अधिक खेळाडू कोणीही न निवडलेले, मोकळे राहतात. संघांची पारख करताना ही बाब अनेकदा नजरेतून सुटते, पण सगळ्या गणिताची किल्ली तिथेच आहे.

ड्राफ्ट संपताक्षणी संकेतस्थळे प्रत्येक संघाला श्रेणी देऊन मोकळी होतात. कोणाला 'ए प्लस', कोणाला 'सी'. या श्रेणीने हुरळून जाऊ नये. संकेतस्थळाचा स्वतःचा अंदाज असतो आणि त्या अंदाजाबरहुकूम निवड करणाऱ्याला ते चांगले गुण देते. गाईडमधील उत्तरे जशीच्या तशी उतरवणाऱ्याला गाईड लिहिणाऱ्यानेच पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसा हा प्रकार. जाणकार समीक्षक वेगळ्या वाटेने जातात.

त्यांचा पहिला प्रश्न असतो : या लीगमध्ये मोजतात काय? काही लीगमध्ये केवळ गुणांची बेरीज होते. बहुतेक लीगमध्ये मात्र गोल, साहाय्य, गोलवर मारलेले फटके, पॉवर प्लेमधील गुण, प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धडका, अंगावर घेऊन अडवलेले फटके असे स्वतंत्र रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात आठवडाभर दोन संघांची लढत चालते. अशा लीगमध्ये नुसत्या गोल करणाऱ्या मातब्बरांची फौज जमवणारा संघ धडका आणि अडवलेल्या फटक्यांचे रकाने दर आठवड्याला हरतो. उलट, तिसऱ्या फळीतला, सामान्य प्रेक्षकाला नावही ठाऊक नसलेला दांडगा खेळाडू तेथे हुकमाचा पत्ता ठरतो. त्यामुळे एकच यादी एका लीगमध्ये विजेत्याची आणि दुसऱ्या लीगमध्ये तळाची असू शकते.

दुसरा प्रश्न दुर्मीळतेचा. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. एका सेंटर खेळाडूकडून मोसमात ९० गुणांची अपेक्षा आहे आणि एका बचावपटूकडून ६५ गुणांची. वरवर पाहता सेंटर श्रेष्ठ. पण सगळ्यांची निवड झाल्यावरही मोकळा राहिलेला सेंटर ६० गुण देऊ शकत असेल आणि मोकळा बचावपटू अवघे ३०, तर पहिल्याने आपल्याला मिळणारा लाभ ३० गुणांचा आणि दुसऱ्याने ३५ गुणांचा. म्हणजे कमी गुणांचा बचावपटू अधिक मोलाचा! केल मकारसारखा बचावपटू ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत उचलला जातो, त्यामागे हेच गणित आहे. २०२४-२५ मध्ये त्याने ३० गोलसह ९२ गुण मिळवले. बचावपटूंमध्ये अशी कामगिरी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. खेळाडूची किंमत त्याच्या गुणांवरून नव्हे, तर त्याच्या जागी फुकट मिळणाऱ्या पर्यायापेक्षा तो किती अधिक देतो, यावरून ठरते. मोसमापूर्वीच्या ज्या समीक्षेत हा विचार नाही, ती वाचून सोडून द्यावी.

गोलरक्षक : सर्वांत नाजूक दुवा

हाच नियम गोलरक्षकांना लावला, की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. बारा संघांनी प्रत्येकी दोन गोलरक्षक घेतले, तर चोवीस झाले. एनएचएलमध्ये नियमित गोलरक्षक जेमतेम बत्तीसच्या आसपास, कारण प्रत्येक संघात मुख्य गोलरक्षक एकच. म्हणजे मोकळे उरलेले आठ-दहा आणि तेही बहुधा दुबळ्या संघांचे. दुर्मीळता पाहावी, तर गोलरक्षक सर्वांत आधी घ्यायला हवा. पण अनुभवी मंडळी तसे करण्यास कचरतात. कारण गोलरक्षकाच्या कामगिरीचा अंदाज बांधणे हे या खेळातील सर्वांत अवघड काम आहे.

न्यूयॉर्क रेंजर्सच्या इगोर शेस्टर्किनचेच पाहा. २०२१-२२ मध्ये त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक पटकावला होता. २०२३-२४ मध्ये रेंजर्सने ११४ गुणांसह साखळीत अव्वल स्थान मिळवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेस्टर्किन ज्याच्या संघात असेल, त्या संघाच्या गोलरक्षणाबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते. संघ बलाढ्य, खेळाडू सिद्ध, वय ऐन उमेदीचे. डिसेंबर २०२४ मध्ये रेंजर्सने त्याच्याशी आठ वर्षांसाठी ९ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. एखाद्या गोलरक्षकाला मिळालेला तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. आणि निकाल? रेंजर्सची बचावफळी कोसळली, संघ ८५ गुणांवर घसरून बादफेरीबाहेर राहिला आणि शेस्टर्किनला २७ विजयांवर समाधान मानावे लागले. त्याने अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण ९०.५ टक्के होते.

त्याच मोसमात विनिपेग जेट्सच्या कॉनर हेलेबकने ४७ विजय मिळवले, ९२.५ टक्के फटके अडवले आणि व्हेझिनाबरोबरच सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही नेला. या दोघांतील दोन टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण एका सामन्यात सरासरी तीस फटके धरले, तर साठ सामन्यांत तो ३६ गोलांचा होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघेही अव्वल गोलरक्षकांतच गणले जात होते. त्या वेळी एकाऐवजी दुसऱ्याचे नाव घेतलेल्या माणसाने दूरदृष्टी दाखवली, की त्याला नशिबाने हात दिला, हे ठरवणे कठीण आहे.

गोलरक्षकांच्या बाबतीत कधीकधी ड्राफ्टच निरर्थक ठरतो. जानेवारी २०१९ च्या प्रारंभी सेंट लुई ब्लूज हा संघ साऱ्या लीगमध्ये तळाला होता. तेव्हा दुय्यम लीगमधून बोलावलेल्या जॉर्डन बिनिंग्टन या गोलरक्षकाने नियमित मोसमात ३० पैकी २४ सामन्यांत सुरुवातीपासून खेळून विजय मिळवले आणि जूनमध्ये ब्लूजने चक्क स्टॅन्ली चषक जिंकला. मोसमापूर्वीच्या समीक्षांत बिनिंग्टनला स्थान नव्हते. जानेवारीत मोकळ्या खेळाडूंच्या यादीवर नजर ठेवणाऱ्या कोणा जागरूकाला तो फुकट मिळाला.

गतवर्षीच्या आकड्यांचा मोह

मैदानी खेळाडूंच्या बाबतीत अंदाज अधिक भरवशाचे असतात. गुणांचे सातत्य बऱ्यापैकी टिकते. कॉनर मॅकडेव्हिडने २०२२-२३ मध्ये १५३ गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी १३२. निकिता कुचेरोव्ह २०२३-२४ मध्ये १४४ आणि पुढच्या वर्षी १२१. आकडा घसरला, तरी दोघे शिखरावरच राहिले. मात्र त्याखालच्या थरात गतवर्षीचा आकडा बघून भुलण्याचा धोका फार मोठा. चांगला समीक्षक तो आकडा कसा आला, हे उकलून पाहतो.

विल्यम कार्लसनचे उदाहरण यासाठी वारंवार दिले जाते. २०१६-१७ मध्ये अवघे सहा गोल करणारा हा स्वीडिश खेळाडू २०१७-१८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या व्हेगास गोल्डन नाइट्सकडे आला आणि त्याने ४३ गोल केले. चमत्कारच! पण त्याने मारलेल्या फटक्यांपैकी २३ टक्क्यांहून अधिक फटके जाळ्यात गेले होते. साधारण आघाडीपटूचे हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या घरात असते. असा योग दर वर्षी जुळून येत नाही. पुढच्या मोसमात त्याचे गोल २४ झाले. तो वाईट खेळला असे नव्हे. आकडे आपल्या मूळ पातळीकडे परतले, इतकेच. ज्यांनी ४३ गोलांची किंमत मोजून त्याला उचलले, त्यांचा संघ पहिल्याच महिन्यात मागे पडला असणार.

दुसरे उदाहरण संधीचे. प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षेमुळे दोन मिनिटे बाहेर बसला, की पाच विरुद्ध चार असा सामना होतो. हा 'पॉवर प्ले'. (क्रिकेटने हाच शब्द उचलला, पण अर्थ वेगळा.) २०२२-२३ मध्ये एडमंटन ऑयलर्सने पॉवर प्लेच्या दर शंभर संधींमागे ३२.४ गोल केले. एनएचएलच्या इतिहासातील तो विक्रम होता. मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल यांच्या पंक्तीला असलेल्या रायन न्यूजंट-हॉपकिन्सला त्याचा भरघोस लाभ झाला. त्याने १०४ गुण मिळवले आणि त्यांतील निम्मे पॉवर प्लेमधले होते. विक्रमी प्रमाण टिकणे शक्यच नव्हते. पुढच्या मोसमात त्याच्या खात्यावर ६७ गुण जमा झाले. बचावपटू एरिक कार्लसन त्याच वर्षी सान होजेकडून १०१ गुण मिळवून पिट्सबर्गला गेला आणि तेथे ५६ वर थांबला. म्हणून खेळाडूने संघ बदलला, की पॉवर प्लेच्या पहिल्या पाचांत त्याला जागा आहे का, हे आधी पाहावे. बाकी सारे नंतर.

दुखापतीपुढे मात्र कोणाचेच चालत नाही. टोरांटोच्या ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पहिल्या चार-पाच निवडींत गेला. दुखापतींनी ग्रासलेल्या त्या मोसमात तो ६७ सामने खेळला आणि ३३ गोल करू शकला. ज्याने त्याला घेतले, त्याची निवड चुकीची नव्हती. तरीही त्याचा संघ हरला असेल.

वेळापत्रकाकडेही थोडे पाहावे लागते. एखाद्या आठवड्यात एक संघ चार सामने खेळतो, तर दुसरा दोनच. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी बहुतेक संघ एकाच वेळी बर्फावर असतात. त्या रात्री आपले चांगले खेळाडूही जागेअभावी बाकावर बसवावे लागतात. सोमवार, बुधवारी तुलनेने शांतता. त्या रात्री खेळणाऱ्या संघांचे खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत हेरून ठेवणारा मोसमभर थोडा-थोडा लाभ मिळवत राहतो. फॅन्टसी लीगची बादफेरी मार्चच्या सुमारास होते. त्या आठवड्यांचे सामने सप्टेंबरमध्येच मोजून ठेवणारेही महाभाग आहेत!

कौशल्य किती, नशीब किती?

या साऱ्या पारखीला मुळात किती अर्थ आहे, हा प्रश्न केवळ मित्रांतील पैजेपुरता नाही. मायकेल मॉबुसिन या अभ्यासकाने २०१२ च्या आपल्या पुस्तकात सांघिक खेळांची कौशल्य आणि नशीब यांच्या वाट्यानुसार मांडणी केली, तेव्हा बास्केटबॉल कौशल्याच्या टोकाला आणि हॉकी नशिबाच्या टोकाच्या सर्वांत जवळ आली. कारण सरळ आहे. गोल थोडे होतात, फटके खूप मारले जातात आणि कुणाच्या तरी स्केटला लागून दिशा बदललेली पक सामना फिरवते. दुसरीकडे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अॅनेट होसोई आणि सहकाऱ्यांनी 'फॅनड्युएल' या कंपनीच्या स्पर्धांची आकडेवारी अभ्यासून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात फॅन्टसी स्पर्धांचा निकाल नाणेफेकीसारखा नसून त्यात कौशल्याचा वाटा ठळक असल्याचे दाखवले. दोन्ही निष्कर्षांत विसंगती नाही. शेकडो निर्णयांच्या बेरजेत जाणकार वरचढ ठरतो. पण एका मोसमात, एका लीगमध्ये, अडाणी खेळाडूही जिंकू शकतो.

या भेदावरच कायदे उभे राहिले. अमेरिकेत २००६ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या पैशांचे व्यवहार रोखणारा कायदा झाला, तेव्हा फॅन्टसी स्पर्धांना अटींसह वगळण्यात आले. बक्षिसे आधी जाहीर हवीत, निकालात ज्ञान व कौशल्याचे प्रतिबिंब हवे आणि तो एकाच खेळाडूच्या कामगिरीवर वा एकाच संघाच्या जय-पराजयावर अवलंबून नको, अशा त्या अटी होत्या. भारतातही हाच युक्तिवाद चालला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये 'ड्रीम ११'चा खेळ कौशल्याचा असल्याचे मान्य केले आणि मुंबईतील ही कंपनी घराघरांत पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. 'ड्रीम ११'ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरील तिचे नावही गेले. कौशल्य आणि नशीब यांची वाटणी किती, हा प्रश्नच कायद्याने बाजूला सारला. तो योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत. परंतु शेस्टर्किन आणि मॅथ्यूज यांची उदाहरणे पाहिली, की 'अभ्यास करा आणि हमखास जिंका' या थाटाच्या जाहिरातींमधील पोकळपणा लक्षात येतो. महिनोन्‌महिने आकडेवारी चाळणाऱ्यालाही जेथे हमी नाही, तेथे ऐपतीबाहेर पैसे लावणाऱ्याला ती कोण देणार?

म्हणूनच मोसमापूर्वीची प्रामाणिक समीक्षा 'हा संघ जिंकेल' असे म्हणत नाही. या संघाचे बचावपटू भक्कम आहेत, गोलरक्षणाची सारी मदार एकावर आहे, दोन आघाडीपटूंचे गतवर्षीचे आकडे फुगलेले आहेत, धडकांचा रकाना गेल्यात जमा आहे. अशा भाषेत ती बोलते. अशी समीक्षा वाचणाऱ्याला नोव्हेंबरमध्ये काय दुरुस्त करायचे, ते कळते. ड्राफ्टनंतर खेळाडूंची अदलाबदल आणि मोकळ्या खेळाडूंची भरती मोसमभर चालूच असते.

येत्या काळात हे काम आणखी कठीण होणार आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून एनएचएलच्या प्रत्येक संघाचे साखळी सामने ८२ वरून ८४ झाले आणि मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांवर कमाल चारची मर्यादा आली. कोणता नवखा खेळाडू पहिल्या फळीत उतरतो, पॉवर प्लेच्या पाचांत कोणाला जागा मिळते, हे समीक्षक या सराव सामन्यांतूनच हेरत असत. ती खिडकी आता अरुंद झाली आहे आणि ड्राफ्टच्या रात्री हातात असलेली माहितीही तितकीच तुटपुंजी असणार आहे.